खालच्या वावरात बसलेली मेंढरं

ठेंगलेवस्तीवर कॅलेंडर बघायची फारशी गरज पडत नसे. ओढ्याकडे पाहिलं की भागायचं. पाणी तांबूस असलं की वरच्या कंपनीत एक माल चालू आहे, हिरवट असलं की दुसरा. आणि पाण्यावर साबणासारखा फेस चढला की साहेबलोक पाहणीला येऊन गेले, त्यांच्यामागं टाक्या धुतल्या, असं समजायचं. वस्ती कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला. इथली माणसं पूर्वी मेंढरांमागं हिंडायची. आता ती एका जागी बसली होती आणि वास हिंडायचा.

ज्ञानू ठेंगलेचं खालचं वावर ओढ्याला लागून. त्याच्या बापानं उभा जन्म लोकांच्या रानात रात्री काढल्या, आज याच्या बांधाला, उद्या त्याच्या. म्हातारपणी कळप विकून त्यानं हे वावर घेतलं आणि पहिल्या रात्री घरात न झोपता वावराच्या मधोमध घोंगडी टाकून झोपला. सकाळी कुणी उठवायला आलं नाही, तेव्हा ते आपलं असल्याची त्याची खात्री पटली.

त्या वावरात तीन पावसाळे काही येत नव्हतं. बाजरी उगवायची, चार पानं धरायची आणि कुणी कान धरून बसवल्यासारखी खाली बसायची. उकरलं की माती हातभर खाली निळसर लागायची आणि औषधाच्या दुकानातली बाटली फुटल्यासारखा वास यायचा. ज्ञानूची बायको कुशाबाई तिथं गुडघ्यावर बसून खुरपायची. तिच्या नडग्यांवर बारीक फोड उठले ते गेलेच नाहीत. डॉक्टरांनी मलम दिलं आणि मातीत बसू नका म्हणाले. कुशाबाईनं मलम घेतलं.

तिचा मुलगा शंभू त्याच वसाहतीतल्या दुसऱ्या एका कंपनीत पाळीवर होता. वावर गेलं ते कंपनीमुळं आणि चूल पेटायची तीही कंपनीमुळं. म्हणून त्या घरात कंपनीला शिव्या दिल्या जात त्या हळू आवाजात. शंभू पाळी करून झोपलेला असे.

चैत्रात एकदा जेवताना शंभूनं विषय काढला.

"आबा, वावरासाठी गोडाऊनवाल्यांचा परत फोन आल्ता."

"वायर तोड."

"मोबाईलला वायर नसती, आबा."

"मंग तू तुटलेला बरा."

शंभूनं भाकरी मोडली. तो वाईट मुलगा नव्हता. त्याच्या पोरीला, समृद्धीला, वस्तीवर आलं की खोकला लागायचा आणि तिच्यापायी घेतलेल्या दौंडच्या खोलीवर गेलं की थांबायचा. त्यानं आवाज खाली आणला. "मी आज इका म्हनत न्हाई. येती रब्बी बघा. खालच्या वावरात ज्वारीनं कणीस धरलं तर मी इकायचं नाव काढायचा न्हाई. जल्मात न्हाई. पर न्हाई धरलं, तर तुमी वावर राखायचं नाव काढायचं न्हाई."

ज्ञानूनं कुशाबाईकडं पाहिलं. तिनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

"बघू की," ज्ञानू म्हणाला. ज्या माणसाच्या हातात टाकायला दुसरा पत्ता नसतो, तो असं म्हणतो.

वैशाखात, ऐन दुपारी, स्कूटीवरून एक पोरगी वस्तीवर आली. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, पाठीवर सॅक. पुण्याला कॉलेजात ती जंतूंवर डॉक्टरकी करत होती, नाव धनश्री. आतापर्यंत वस्तीवर येणारे सगळे जमीन मागत. ही माती मागत होती, तीही डबीभर.

"न्या की," ज्ञानू म्हणाला. "ट्रक आना, भरून देतो."

तिनं ओढ्याच्या कडेच्या पट्ट्यातून, वेगवेगळ्या खोलीवरून माती घेतली, डब्यांवर काहीतरी लिहिलं, कुशाबाईच्या हातचं ताक प्याली आणि गेली. पाहणीचे साहेबही असेच बाटल्या भरून जात. त्यामुळं ती परत येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. मृगाच्या तोंडाला ती परत आली आणि गाडी स्टँडवर लावायच्या आधीच बोलायला लागली.

"आबा, तुमच्या मातीत ते आहेत!"

"कोन?"

"जंतू. कंपनीचं जे पाणी मुरतंय ना खालून, ते खाणारे. तेच खाऊन जगतात. प्रयोगशाळेत मी त्यांना दुसरं काहीच दिलं नाही, फक्त ते विष दिलं, तरी वाढले."

ज्ञानूनं तंबाखू मळायची थांबवली. "दिसत्यात?"

"नाही, डोळ्याला नाही दिसत."

"मंग हायत कशावरनं?"

"ते असतात तिथला वास कमी होतो."

"आसं म्हना," ज्ञानू म्हणाला. "मंग आमचा खंडोबाबी तसाच हाय."

कुशाबाईनं मात्र नीट विचारून घेतलं. बाई जनावरांतली; खाणारं तोंड म्हटलं की तिला सगळं कळायचं. तेच का खातात? बाकीचे का खात नाहीत? धनश्रीनं काडीनं जमिनीवर एक वाटोळं काढलं.

"आजी, ह्यांच्या पोटात हे असं एक बारीक कडं असतं. हे विष कसं फोडायचं, कसं पचवायचं, ते सगळं त्या कड्यात आहे. ज्याच्याकडं कडं, त्याला खाता येतं. आईकडून लेकराला मिळतं. आणि गंमत म्हणजे, शेजाऱ्याकडून शेजाऱ्यालाही. एक दुसऱ्याला चिकटतो आणि कड्याची नक्कल त्याला देतो."

"फुकट?"

"फुकट."

"मंग ती आपल्या वस्तीवरची न्हाईत," कुशाबाई म्हणाली.

धनश्रीनं पट्ट्याभोवती खुंट्या ठोकल्या आणि तांबडी-पांढरी फीत बांधली. काम सोपं होतं. माती वरचेवर उलटायची, म्हणजे त्यांना हवा मिळेल. ओल ठेवायची, चांगल्या पाण्याची. बाकी काही नाही. हे तिनं बोटांवर मोजून सांगितलं: "शेण नको. लेंडीखत नको. युरिया नको. गांडूळखत नको. भांड्याचं खरकटं पाणीसुद्धा नको. त्यांना दुसरं काहीही खायला टाकायचं नाही. भूक लागली तरच ते हे खातील."

"म्हंजी उपाशी ठिवायचं," कुशाबाई म्हणाली.

"उपाशी नाही. कामावर ठेवायचं."

"तेच की."

मग सगळा पावसाळा कुशाबाईनं ती माती उलटली. खुरपं घालायचं, मनगट वळवायचं, निळसर ढेकूळ वर आणायचं, हातानं फोडायचं, फूटभर पुढं सरकायचं. पाऊस नावाला यायचा आणि जायचा. मध्ये उघडीप पडली की मातीची वरची कातडी सुकायची, मग अयुब टँकरवाल्याकडून पाणी घ्यायचं. अयुब वस्तीला प्यायचं पाणी पुरवायचा. तो पाइप पट्ट्यात सोडायचा आणि वर बसून बिडी ओढायचा.

"चाची, गोठ्याला दिलं, न्हाणीला दिलं. मातीला प्यायचं पानी मी पयल्यांदाच देतोय. आजारी हाय का?"

"व्हय. पथ्य सांगितलंय डाक्टरनी."

"मंग सलाईनच लावा की. टँकर कशाला?"

वस्तीवर बातमी व्हायला वेळ लागला नाही. ज्ञानूनं किडे पाळलेत. देवळापुढं तो बसायला गेला की कुणीतरी विचारायचं, "काय ज्ञानूआप्पा, चारून आनली का जनावरं?" दुसरा म्हणायचा, "कानात बिल्लं मारून घ्या, चोरीला जातील." ज्ञानूही हसायचा. हसून झालं की उठायचा. पुढं पुढं तो देवळापुढं जायचाच बंद झाला आणि बांधावर बसू लागला. बायको खुरपायची, तो राखण करायचा. काय राखायचं ते दिसत नव्हतं; पण राखण हा त्याच्या रक्तातला धंदा होता.

पाऊस सरत आला तसा वरच्या कंपनीचा एक साहेब गाडीतून उतरला. त्याला कुठून कळलं कोण जाणे. त्याच्याबरोबर कापडी फलक धरणारी दोन माणसं आणि कॅमेरावाला. साहेबानं कुशाबाईला उभं केलं, तिच्या डोक्यावर पदराच्या वर कंपनीची टोपी घातली, हातात आंब्याचं रोप दिलं आणि शेजारी उभं राहून फोटो काढला.

"हसा जरा, मावशी."

कुशाबाईनं दात दाखवले. साहेब म्हणाले, निसर्ग स्वतःला सावरतो, आपण फक्त त्याच्या आड येऊ नये. मग ते गाडीत बसले. टोपी त्यांनी परत नेली. टोप्या मोजक्याच आणल्या होत्या.

भाद्रपद उतरताना एके दिवशी कुशाबाई खुरपता खुरपता थांबली. ढेकूळ नाकाशी नेलं. पुन्हा नेलं. मग बांधावर बसलेल्या नवऱ्याकडं जाऊन त्याच्या नाकाखाली धरलं.

"वास घ्या."

ज्ञानूनं घेतला. "कशाचा?"

"सांगा की."

"कशाचाच न्हाई."

"व्हय," कुशाबाई म्हणाली, आणि तिथंच फतकल मारून बसली. मातीचा स्वतःचा वास सुटायला अजून अवकाश होता. पण वास नसणं हीच त्या वावरात मोठी मिळकत होती.

घटस्थापनेला तिनं त्याच पट्ट्यातली ओंजळभर माती घटाखाली घातली. घटाला आपल्याच रानातली माती लागते. गेल्या साली तिनं माहेराहून, खुटबावहून, पिशवीत माती आणली होती आणि हे देवीलाही सांगितलं नव्हतं. यंदा गहू, ज्वारी, करडई पेरली आणि ती रोज सकाळी देवापुढं ओणवी होऊन बघायची. दसऱ्यापर्यंत घटाभोवती पिवळसर हिरवं रोप वीतभर उभं राहिलं. ज्ञानूनं त्यातलं टोपीत खोवलं आणि भर दुपारी देवळापुढं जाऊन बसला. कुणी काही विचारलं नाही, तरी त्यानं सांगितलं.

धनश्रीला फोनवरून कळवलं. तिनं वास गेल्याचं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, परीक्षा आहे, प्रबंध लिहायचाय, दिवाळी झाल्यावर येते. तोवर आहे तसंच चालू द्या. ज्वारी चार ओळी टोकून बघा हवं तर. "आणि आजी, ते बाकीचं लक्षात आहे ना?"

"हाय की. काय टाकायचं न्हाई."

दसरा होऊन चारदोन दिवस झाले असतील. मांडवगण फराट्याच्या अंगानं खंडूचा कळप आला. खंडू ज्ञानूचा चुलतभाऊ. भावकीत अजून मेंढरांमागं हिंडणारा तो एकटाच उरला होता. दरसाल तो याच दिवसांत खाली उतरून पश्चिमेला जायचा. पुढं मेंढरं, मागं घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर बांधलेल्या कोंबड्या. गेली तीन सालं तो वस्तीला वळसा घालून जायचा. ओढ्याच्या पाण्यानं त्याची दोन मेंढरं गेली होती. यंदा त्याला ज्ञानूनंच रस्त्यावर गाठलं.

"खंडू, आज मेंढरं माझ्यात बसीव."

"कुठं?"

"खालच्या वावरात."

खंडूनं काठीवर हनुवटी टेकली. "ज्ञानूदा, तिथं माश्या बसत न्हाईत."

"पानी टँकरचं पाजीन मी. माती बघ, हुंगून बघ."

खंडू आला, हुंगला, बोटानं जिभेला लावून थुंकला. "बरी वाटतीया," तो म्हणाला. मग ज्ञानूनं स्वतःच्या हातानं धनश्रीची फीत सोडली, घडी घालून खिशात ठेवली.

कुशाबाई घरातून पळत आली. तिच्या हाताला पीठ होतं.

"आवं, काय करताय? मॅडमनी काय टाकायचं न्हाई म्हनून सांगितलंय."

"मी कुठं काय टाकतोय?"

"लेंड्या पडतील की!"

"मेंढरू बसलं म्हंजी काय खत टाकनं झालं व्हय? खत पोत्यात आसतं, गाडीत आसतं. मेंढरू बसतं." ज्ञानूला हे इतकं उघड वाटत होतं की बायकोला समजावून सांगावं लागतंय याचंच नवल वाटलं. "अगं, किती मेलेली रानं आपल्या मेंढरांनी उठीवली. बाच्या हाताखाली मी डोळ्यानं बघितलीत. पावसाळाभर दवाखाना केला, आता पोराला जरा खायला नको का घालाया?"

"फोन तरी करून इचारा."

"पोरगी गुनाची हाय. पर तिला मेंढरू कुठलं म्हाईत!"

कुशाबाई पुढं बोलणार होती. तिनं तोंड उघडलंही. पण तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो बांधावर उभा होता. अर्धा जन्म हा माणूस दुसऱ्याच्या बांधाखाली उभा राहून वर बघत विचारत आलेला: पाटील, आज तुमच्यात बसू का? लग्नाच्या पहिल्या साली ती त्याच्यामागं डोक्यावर बिऱ्हाड घेऊन उभी असायची आणि पाटील आधी कुत्र्याला गप्प करायचे, मग यांच्याशी बोलायचे. आज तो वर उभा होता आणि खंडू खाली. खंडूनं चेष्टेनं टोपी काढली, वाकला आणि म्हणाला, "पाटील, मंग बसू का तुमच्यात?"

"बसा," ज्ञानू म्हणाला. एवढंच. पण तो शब्द त्यानं असा टाकला, की कुशाबाईनं हाताचं पीठ पदराला पुसलं आणि घराकडं वळली.

दिवस मावळायला खंडूनं पट्ट्याभोवती वाघर लावली, ते जाळ्याचं कुंपण. मेंढरं दाटीनं आत शिरली, एकमेकांच्या पाठीवर माना टाकून बसली. शेतात मेंढरं बसवली की रानमालकानं धान्य द्यायचं, ही रीत. ज्ञानूनं घरातली ज्वारी सुपानं काढली, आणि खंडू पुरे पुरे म्हणत असताना आणखी ओतली. घरात धान्य विकतचं होतं. कुशाबाईनं तेही बघितलं.

सकाळी खंडू म्हणाला, "आनखी एक रात काढू का? पाय दुखाया लागल्यात."

"नको," ज्ञानू म्हणाला. "तुला लांब जायाचंय. चाऱ्याच्या वेळंला पोच."

कळप गेला. मागं ओली, काळी, लेंड्यांनी गच्च भरलेली जमीन उरली. मुताचा उग्र वास सगळ्या वस्तीवर पसरला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा वस्तीला आपल्या ओळखीचा वास आला. ज्ञानूनं फीत जशीच्या तशी बांधली, गाठीसुद्धा तशाच मारल्या.

ज्वारी टोकली. आठवडाभरात वर आली. आणि आली ती कशी, तर काळीभोर. पान रुंद, ताट जाड. बांधावरून जाणारा माणूस थांबायचा. देवळापुढचे लोक उठून बघायला आले; ज्यानं बिल्ले मारायला सांगितलं होतं, त्यानं एक पान बोटात धरून बघितलं आणि ते परत सोडताना सरळ करून सोडलं. शंभू रविवारी समृद्धीला घेऊन आला. बराच वेळ पट्ट्याच्या कडेनं हिंडला. मग बापाजवळ येऊन म्हणाला, "गोडाऊनवाल्याला सांगितलं मी, नाद सोडा म्हनून."

"कनीस धरू दे की आधी," ज्ञानू म्हणाला. आता त्याला उदार व्हायला परवडत होतं.

दिवाळी झाली. ज्वारी मांडीला लागली, मुळं खाली उतरली, आणि एका सकाळी कुशाबाईला पानांचे शेंडे तांबडे दिसले. थंडीनं असेल, ज्ञानू म्हणाला. चार दिवसांनी शेंडे जळाले. तिनं खुरप्यानं मुळाशी उकरलं. हातभर खाली माती निळसर होती आणि नाकात तोच वास चढला.

त्याच आठवड्यात धनश्री आली. ज्ञानू दळण घेऊन कुरकुंभला गेला होता. ती स्कूटीवरून उतरली, लांबून ज्वारीकडं बघून हरखली, फितीखालून आत शिरली, वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. तिनं मातीतून एक वाळकी लेंडी उचलली.

"आजी, हे काय?"

कुशाबाईनं सांगितलं. सगळं सांगितलं. धनश्रीनं ऐकून घेतलं, रागावली नाही. रागावली असती तर बरं, असं कुशाबाईला वाटलं. तिनं डब्या भरल्या आणि गेली.

ती पुन्हा आली तेव्हा ज्वारी पिवळी पडून वाकली होती. ज्ञानू वर, टाकीपाशी, अयुबच्या टँकरखाली होता. गेले काही दिवस तो दिसेल ते पाणी ज्वारीला आणून घालत होता. धनश्री कुशाबाईजवळ मातीतच बसली.

"ते मेले का?" कुशाबाईनं विचारलं.

"मेले नाहीत. तेच वाईट आहे." तिनं काडीनं पुन्हा ते वाटोळं काढलं. "ते कडं सांभाळायला त्यांना जड जातं, आजी. ओझं असतं ते. विषाशिवाय दुसरं काही खायला नसतं, तोवर ज्याच्याकडं कडं असतं तोच जगतो, म्हणून सगळे सांभाळतात. मेंढरं बसली आणि त्यांना एकदम भरपूर सोपं खाणं मिळालं. मग ज्यांच्याकडं कडं नाही ते हलके, ते भराभर वाढले. कडंवाल्यांनीही टाकून दिलं. आता विष पुढ्यात ठेवलं, तरी त्यांना खाता येत नाही. विसरले." मग घाईनं म्हणाली, "असंच झालं असेल, हे मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. ओढ्याचं पाणीही जास्त मुरलं असेल. पण डब्यांत तरी मला असंच दिसतंय."

कुशाबाई खुरप्याच्या दांड्यावर अंगठा घासत होती. "तुमच्याकडं हायत न्हवं? मागच्या खेपेचे?"

"आहेत. फ्रीजमध्ये, खूप थंडीत. नीट आहेत."

"मंग आना की."

"आजी, प्रयोगशाळेत वाढवलेले रानात सोडायला परवानगी लागते. ती मिळेपर्यंत दोन-तीन वर्षं जातात. आणि सोडले तरी टिकतीलच असं नाही. इथले इथं वाढले होते, ते वेगळं होतं." तिनं मान खाली घातली. "आणि आमचं काम मार्चला संपतंय. पैसे तेवढेच होते."

"तितं तेंना कडं हाय अजून?"

"आहे."

"बरं हाय," कुशाबाई म्हणाली. वेशीबाहेर दिलेल्या लेकीची ख्यालीखुशाली ऐकावी तशी. मग तिनं विचारलं, "ही मेंढरांची गोष्ट ह्यांना सांगनार का तुमी?"

"मला लिहावं लागेल ते, आजी. प्रबंधात."

"लिवा की. तेंनी कुठं वाचायचाय! तोंडानं सांगू नका. एवढं ऐका माझं."

ज्ञानू बांधावरून खाली उतरत होता. दोन्ही हातांत पाण्याच्या कळश्या, धोतर भिजून पायाला चिकटलेलं. त्यानं लांबूनच विचारलं, "काय मॅडम, कुठं गेली आमची जनावरं? राखन मी केली, चोरली कुनी?"

धनश्री उठली. तिनं कुशाबाईकडं पाहिलं. कुशाबाई माती उलटत होती, खाली मान घालून, आता काही उपयोग नव्हता तरी.

"खालून कंपनीचं पाणी जास्त आलं, आबा," धनश्री म्हणाली. "त्यांना झेपलं नाही."

ज्ञानूनं कळश्या खाली ठेवल्या. मग त्यानं कंपनीला पहिल्यांदा मोठ्या आवाजात शिव्या दिल्या, वस्तीवरच्या सगळ्या कुत्र्यांनी भुंकायला सुरुवात केली तरी थांबला नाही. शंभू त्या दिवशी घरीच होता, झोपलेला. तो दारात येऊन उभा राहिला आणि बापाला थांबवलं नाही.

कणीस धरलं नाही. पोटरीत आलेली दोनचार ताटं होती ती आतच काळी पडली. शंभूनं विकायचा विषय काढला नाही; ठरल्याप्रमाणं आता वावर राखायचं नाव ज्ञानूनं काढायचं नव्हतं, पण शंभूला ते बोलवेना. शेवटी ज्ञानूच म्हणाला, "बोलाव त्या गोडाऊनवाल्याला." आणि समृद्धीला मांडीवर घेऊन तिच्या खोकल्याची वाट बघत बसला, जणू तेवढं तरी कारण हाताशी असावं.

गोडाऊनवाले भली माणसं. त्यांनी ज्ञानूला वॉचमन म्हणून ठेवायची तयारी दाखवली, वर शिट्टीही देतो म्हणाले. शंभूनं नको म्हणून सांगितलं. म्हातारा-म्हातारीनं दौंडला, त्याच्या खोलीवर यायचं ठरलं.

निघायच्या दिवशी सकाळपासून मुरमाच्या गाड्या येत होत्या. एकेक गाडी मागं येऊन तोंड वर करायची, मुरूम घरंगळायचा, धूळ उठायची. ओढ्याकडचा पट्टा पहिल्यांदा बुजवला; तो सखल होता. दोघं बांधावर बसली होती. बांधही जायचा होता, पण दुपारनंतर. कुशाबाईनं भाकरी आणली होती, फडक्यात तशीच होती.

ज्ञानू बराच वेळ गाड्यांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "माझं गनित कुठं चुकलं सांगू का तुला?"

कुशाबाईचा हात फडक्यावर थांबला.

"एकच रात बसीवली मेंढरं. एका रातीनं काय हुतंय! वरवर जीव आला, खाली पोचलाच न्हाई. तीन-चार राती बसवाया पायजे हुती. खंडू ऱ्हातो म्हनत हुता. मीच जा म्हनलं." त्यानं तोंडावरची धूळ पुसली. "ते किडंबी तगलं असतं मंग. पोटाला नीट मिळालं असतं तर."

गाडीनं तोंड वर केलं. मुरूम पडून संपेपर्यंत कुशाबाई थांबली.

"व्हय," ती म्हणाली.

"तूबी म्हनली न्हाईस तवा. आनखी एक रात ऱ्हाऊ द्या, म्हनून. उलट आडवी आलीस."

"आले."

"मी ऐकलं न्हाई, पर मनात शंका घातलीस. म्हनून तर त्याला सकाळीच लावून दिला. न्हाईतर मी राखला असता."

"माझंच चुकलं," कुशाबाई म्हणाली.

ज्ञानूनं मान हलवली. रागानं नव्हे, झालं गेलं, अशी. तेवढ्यानं त्याला जरा बरं वाटलं. त्यानं फडकं पुढं ओढलं, सोडलं, आणि कित्येक दिवसांत जेवला नव्हता तसा पोटभर जेवला.